ग्लेनचा मुका ढीग

प्रश्न १. गुन्हा आणि विचलन यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.

हा प्रश्न प्रीतल झोपेतही काढू शकली असती. वसईच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायला लागल्यापासून एकही सहामाही या प्रश्नावाचून गेली नव्हती, आणि तो येणार हे मुलांनाही पक्कं ठाऊक असायचं. उत्तरही ठरलेलं. कायदा मोडला की गुन्हा. लोकांची रीत मोडली की विचलन. पहिल्यासाठी पोलीस येतात, दुसऱ्यासाठी शेजारी पुरतात.

"मॅडम, लिफ्टमधून मासे नेणं?" मागच्या बाकावरून आयुषनं विचारलं.

"राहतोस कुठे?"

"जूचंद्रला. आमच्या सोसायटीनं बोर्डच लावलाय, मासे जिन्यानं न्या म्हणून."

"मग तुझ्या सोसायटीत ते विचलन. माझ्या माहेरी लिफ्ट लावली तर आधी मासेच चढतील, माणसं मागून."

"आणि मॅडम, सबमिशन वेळेवर देणं?" आर्या म्हणाली.

"या वर्गात? घोर विचलन."

वर्ग हसला. प्रीतलनं खडू खाली ठेवला आणि दरवर्षीचं वाक्य दरवर्षीच्याच ठामपणे म्हटलं, "कृत्य एकच असतं. त्याला नाव काय पडेल हे बघणारा कोण आहे त्यावर ठरतं."

उदाहरण त्याच दुपारी फोनवर आलं.

"दीदी, तो सामाजिक बहिष्काराचा कायदा तू शिकवतेस ना?" तिचा धाकटा भाऊ ग्लेन बोलत होता. मागे बोटीचं इंजिन धडधडत होतं. "मग मला अर्ज लिहून दे. पोलिसात द्यायचाय."

"कोणाविरुद्ध?"

"पाड्याविरुद्ध."

"पाडा म्हणजे कोण? पोलीस नावं मागतात."

इंजिन बंद झालं. मग ग्लेन म्हणाला, "पहिलं नाव आयचं."


प्रश्न २. रिकाम्या जागा भरा.

पाचूबंदरच्या पुढे, किल्ल्याच्या सावलीत मावेल एवढा एक पाडा. काही घरांवर क्रूस, काही दारांत तुळस. सगळ्यांच्या बोटी एकाच धक्क्याला लागतात. सरकारची मासेमारी बंदी जुलैअखेर उठते, पण या पाड्यानं आपली स्वतःची बंदी ठेवलेली. नारळी पुनवेचा नारळ समुद्रात पडल्याशिवाय एकही बोट बाहेर काढायची नाही. कारण साधं होतं. जुलैअखेरीस पापलेट बारकं असतं, तळहातावर मावेल एवढं. आणखी थोडं थांबलं तर तेच ताट भरतं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज कुणाला पडली नव्हती.

ग्लेन पहिल्याच दिवशी गेला. एकटा, कायद्यानं अगदी बिनचूक, परवाना खिशात घेऊन.

त्यानंतर नारळ पडला, सगळ्या बोटी निघाल्या, धक्क्यावर रोज सकाळी लिलाव सुरू झाला. आणि ग्लेनचा ढीग मुका झाला.

म्हणजे काय, तर या धक्क्यावर लिलावाची हाक लुसी देते. लुसी म्हणजे प्रीतल आणि ग्लेनची आई. नवरा गेला तेव्हापासून धक्क्याची हाक तिच्या गळ्यात आहे. हातात वेताची काठी. ज्या ढिगाला ती काठी लावेल त्याची बोली सुरू. काठी लागली नाही तर ढिगात सोन्याचे मासे असले तरी कुणी बोलायचं नाही. त्याला म्हणायचं मुका ढीग. म्हातारी माणसं सांगत, असं कधी काळी एकदा झालं होतं. आता ते लुसीच्या पोटच्या लेकाच्या बाबतीत रोज होत होतं. ग्लेन मासे परत उचलायचा, नायगावला नेऊन मिळेल त्या भावानं काढायचा. त्याचे खलाशीही हळूहळू दुसऱ्या बोटींवर गेले होते.

शनिवारी सकाळी प्रीतल बर्फाच्या खोक्यांपाशी येऊन उभी राहिली. ऐकलेल्यावर निष्कर्ष काढायचा नाही, हे ती मुलांना शिकवायची. ग्लेनची बोट धक्क्याला आली.

"स्टॅनीमामा, दोर धरा!"

स्टॅनी : ____________

ग्लेननं स्वतःच पाण्यात उडी मारली, छातीभर पाण्यातून दोर ओढत आला आणि खुंटाला बांधला. पाण्याखाली बोटीचा पंखा अजून फिरत होता. त्याच्यासारख्या मुरलेल्या माणसानंही करू नये अशी ती उडी होती.

"बेलामावशी, थोडा बर्फ आहे का जास्तीचा?"

बेला : ____________

"आय, माझा ढीग लावलाय."

लुसी : ____________

आणि लगेच, त्याच दमात, शेजारच्या ढिगाला काठी लावून खणखणीत आवाजात, "चला, बोंबील! रात्रीचा नाय, आत्ताचा! अजून डोळं मिचकावतंय! बोला!"

मुलं पेपरात जागा रिकामी सोडतात, कारण उत्तर येत नसतं. इथे उत्तर सगळ्यांना येत होतं. स्टॅनीचा हात दोराच्या दिशेनं अर्धा उठलेला आणि मग खिशात गेलेला प्रीतलनं पाहिला.


प्रश्न ३. जोड्या लावा.

ग्लेन, पाडा. दोषी, निर्दोष.

(रद्द. कायद्यानं लावल्या तर ग्लेन निर्दोष आणि पाडा दोषी. पाड्यानं लावल्या तर बरोबर उलट. प्रीतलनं लावल्या तर दोघांच्याही समोर दोषी, आणि निर्दोष हा शब्द नुसता लोंबकळत उरतो. असा प्रश्न पेपरात घालता येत नाही, त्यात राहावं मात्र लागतं.)


प्रश्न ४. चूक की बरोबर ते सकारण सांगा.

लुसी विळीवर मांदेली साफ करत होती. प्रीतल समोर पाट घेऊन बसली आणि सरळ मुद्द्यावर आली. आईशी दुसऱ्या कुठल्या वाटेनं बोलताच येत नाही, हे ती लहानपणीच शिकली होती.

"आय, ग्लेन अर्ज देणार आहे. मी लिहायचाय. पहिलं नाव तुझं आहे."

"लिही की. पन नीट लिही. रेशनकार्डावर मला लूशी करून ठेवलंय मेल्यांनी."

"मस्करी नाही. तीन वर्षांपर्यंत कैद आहे त्याला."

"तितं मासली भेटते?"

"आय!"

"मग वरडू नको." लुसीनं मांदेलीचं डोकं उडवलं. "मी तुज्या भावाला मारलं? घरातनं काडलं? दोन येळा जेवतो तो इतं. भाजीत मीठ कमी पडलं तर ऐकवतो पन मला."

"घरात बोलतेस आणि धक्क्यावर बोलत नाहीस."

"घरात मी त्याची आय हाय. धक्क्यावर मी धक्क्याची हाय. आज लेकाच्या ढिगाला काठी लावली तर उद्या दुसऱ्याला कुटल्या तोंडानं थांबवू?"

इथवर आई बरोबर होती, आणि ते प्रीतलनं मनातल्या मनात मान्यही केलं. रीत चांगली होती. सरकारला जे जमलं नाही ते या पाड्यानं वेताच्या एका काठीवर जमवलं होतं.

"त्यानं चूक केली, मान्य. पण तुम्ही त्याला माणसांतून काढलंत. शिक्षेला शेवट असतो, आय. याला शेवट कुठाय?"

लुसीची विळी थांबली. "शेवट त्याच्या हातात हाय. मी तर वाट बघत बसलीय."

"कसली वाट?"

"ते मी सांगायचं नाय. मी सांगितलं तर पाडा म्हनेल, हाक देनाऱ्या बाईनं लेकाला मागचं दार दाखवलं." तिनं पुढची मांदेली उचलली. "तू शिकलेली हायस. इचार कुनाला तरी."

प्रीतल उठली. राग आला होता, पण डोकं ताळ्यावर होतं. एखादी रीत समजून घ्यायची असेल तर ती पाळणाऱ्यांना विचारून फारसं हाती लागत नाही. ती मोडून जो सहीसलामत फिरतोय तो शोधावा. आणि असा एक माणूस तिला आठवला.

स्टॅनी शेडमध्ये जाळं विणत बसला होता. प्रीतलचं लग्न झालं त्याच्या आधीपासून तो असाच, त्याच दोरीच्या बंडलावर बसलेला.

"मामा, गेल्या वर्षी तुम्ही पण नारळाच्या आधी गेला होतात ना?"

"कोन बोललं?" स्टॅनीनं इकडेतिकडे पाहिलं आणि मग आपलं हसू त्याला आवरेना. "गेलतो. पोरीची फी भरायची व्हती. गेलतो."

"मग तुमचा ढीग मुका नाही झाला तो?"

"मुका? अगो बाय, मुका झाला असता तर बरं झालं असतं! तुज्या आयनं माजा ढीग सगल्यात शेवटी ठेवला. सगल्यांचे ढीग गेले, ऊन डोक्यावर आलं, मी आपला खांबावानी उभा. मग काठी लावली नि हाक काय दिली ठाऊक हाय? 'घ्या, घ्या, स्टॅनीची बालवाडी घ्या! एकालाबी चड्डीचा नाडा बांदता येत नाय!' धक्का पडला हसून. माजी बायको सगल्यात जोरात. नाताळपरेंत मला सगले बालवाडी म्हनत व्हते. फादरपन एकदा चुकून म्हनाले."

"आणि मग?"

"मग काय? संपलं. दुसऱ्या दिवशी माजा ढीग येळेवर."

"मग ग्लेनच्याच बाबतीत का नाही असं?"

स्टॅनीनं सुई जाळ्यात खोचली. "त्याची पापलेटं धक्क्यावर आलीच कुटं? बोट तिकडं खाडीत लावली, टेम्पो भरला, वालीवला कुनाच्या गोदामात टाकली. आमी सगले हसायला तयार बसलेलो, बाय. पन हसायला समोर कायतरी पायजे ना?"

प्रीतलनं दोन्ही गोष्टी जुळवल्या. म्हणजे पाडा लवकर गेल्याबद्दल रागावलाच नव्हता. लवकर कुणीतरी दरवर्षी जातच असावं. पाडा रागावला होता, तो ग्लेननं आपल्या हसण्यातून पळ काढला म्हणून.

"मग हे त्याला सांगितलं का नाही कुणी?"

"कोन सांगनार?" स्टॅनी मनापासून चकित झाला. "त्याच्याशी कोन बोलतंय?"


प्रश्न ५. कोणताही एक उपप्रश्न सोडवा.

(अ)

ग्लेन बोटीत पालथा पडून इंजिनात हात घालत होता. प्रीतल काठावरून चप्पल हातात घेऊन आत उतरली.

"अर्ज लिहिते मी," ती म्हणाली. "कायदा तुझ्या बाजूचा आहे. पहिलं नाव आयचं, दुसरं स्टॅनीमामाचं, तिसरं बेलामावशीचं. पण मी लिहीन ते सगळं लिहीन. टेम्पोसकट."

ग्लेनचा हात इंजिनातच राहिला. "टेम्पोचा काय संबंध? टेम्पो भरणं गुन्हा आहे?"

"नाही. नारळाआधी जाणंही गुन्हा नाही. मग खाडीत बोट का लावलीस? धक्क्यावर का नाही आणलास माल?"

"भाव मिळत होता तिकडे."

"ग्लेन."

तो उठून बसला. कपाळावर ग्रीसचा पट्टा. पुढचं तो तिच्याकडे न बघता बोलला. "बारकी होती गं. जाळं वर घेतलं तेव्हाच कळलं. नाण्यासारखी नुसती चमकत होती सगळी. परत टाकून उपयोग नव्हता, मेली होती. आणि ती घेऊन आयच्या काठीसमोर उभं राहायचं? ती काय हाक देईल ते मला येताना वाटेतच ऐकू यायला लागलं."

"काय ऐकू आलं?"

"सांगणार नाही."

प्रीतलला हसू आलं आणि तिनं ते लपवलंही नाही. "मग ऐक. तेच हसू तुला देणं आहे. तेवढंच. स्टॅनीमामानं ते उभ्यानं ऐकून घेतलं आणि मोकळा झाला. तू चुकवलंस म्हणून सगळ्यांची तोंडं शिवली गेली, आणि शिवलेल्या तोंडानं तुला कोण सांगणार की टाका कुठला सोडवायचा?"

"म्हणजे मी जाऊन जोकर व्हायचं."

"किंवा फिर्यादी. दोन्ही तुझ्या हातात आहे. आयला तुरुंगात पाठवायचं असेल तर अक्षर माझं चांगलं आहे."

ग्लेननं पाना उचलला, परत ठेवला. "तुला मजा वाटतेय."

"नाही. सकाळी तू पंख्याशेजारी उडी मारलीस ते मी बघितलंय. मला हे सोमवारी संपवायचंय."

(ब)

कोणताही एक सोडवा असं सांगितलं तरी हुशार मुलं दोन्ही सोडवतात. प्रीतल तशीच परत आईकडे गेली.

"सोमवारी तो ढीग घेऊन उभा राहील. शेवटी लाव, हवं ते बोल, कपडे काढ त्याचे चारचौघांत. पण काठी लागली पाहिजे. नाही लागली तर अर्ज मी देईन. ग्लेनच्या नाही, माझ्या सहीनं."

"आयला धमकी देते?"

"कायदा सांगते. धमकी असती तर न सांगता गेले असते."

लुसीनं पदरानं हात पुसले, सावकाश, एकेक बोट. "रीत तुला कललीच नाय अजून."

"कळली. चांगली आहे. हसणं चांगलं आहे. पण बोटीवरचा माणूस दोर मागतो आणि दहा जण खिशात हात घालून बघतात, ही रीत नाही आय. पंखा लागला असता तर तू काय सांगितलं असतंस? धक्क्याची होते म्हणून?"

लुसी : ____________

 ही जागा मात्र खरोखरच रिकामी होती. मग ती चुलीकडे वळून म्हणाली, "जेवून जा. मांदेली केलीय."


प्रात्यक्षिक.

समाजशास्त्राला प्रात्यक्षिक नसतं. तरी रविवारच्या मिस्सानंतर सोमवारी सकाळी प्रीतलनं कॉलेजात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि धक्क्यावर आली.

ग्लेनची बोट लागली तेव्हा स्टॅनीनं दोर धरला. बोलला नाही, पण धरला. कुणी काही सांगितलं असेल तर ते प्रीतलला कळलं नाही.

एकेक ढीग गेला. करंदी गेली, बोंबील गेले, घोळ गेली तेव्हा थोडी बाचाबाचीही झाली. ग्लेनचा ढीग सगळ्यांत टोकाला, भरलेल्या अंगाच्या मोठ्या पापलेटांचा. तो ढिगामागे उभा. ऊन चढलं. नेहमी माल घेऊन लगबगीनं निघणाऱ्या बायका आज पाट्या डोक्यावर घेऊनही हलेनात. लुसी शेवटच्या ढिगापाशी आली, थांबली, लेकाला खालून वरपर्यंत पाहिलं आणि काठी टेकवली.

"हा बघा, वालीवचा शेठ आलाय!"

धक्क्यावर एक सुस्कारा फिरला. हसू अजून आलं नव्हतं, ते वाट बघत होतं.

"आज टेम्पो पंक्चर झाला म्हनून आमच्यात आला! ह्याच्या मासलीला एसी लागतो! धक्क्याची हवा लागली का शिंका देते! ह्याची पापलेटं तर पालन्यातनंच पलवली, आयशीच्या अंगावरचं दूध पन सुटलं नव्हतं! बोला, शेठची मासली, बोला!"

मग ते आलं. आधी बेला, मग तिच्या मागच्या बायका, मग जाळ्यावरचे बाप्ये. गोदीला लाट आपटावी तसं.

"शेठ, टेम्पोचं भाडं कोनी द्यायचं?" बेला ओरडली.

"बालवाडीकडनं सलाम घ्या, शेठ!" स्टॅनीनं कपाळाला हात लावला. "आता तुमी पयलीत!"

ग्लेनचे कान तांबडे झाले. मानेपर्यंत तांबडे. तो जमिनीकडे बघत होता, जबडा आवळून. प्रीतलला एक क्षण वाटलं, हा आता पाटी उचलून चालू लागेल. पण तो हलला नाही. बेलानं पहिली बोली लावली, लाज वाटावी इतकी कमी. मग दुसरी, मग तिसरी, आणि ढीग नेहमीच्या निम्म्या भावात गेला. ग्लेननं मान वर केली.

"मावशी," तो म्हणाला, आवाज जरा घोगरा, "ह्या भावात एसी नाही मिळणार. पंखा मिळेल."

"बोलला!" बेला किंचाळली. "अगो, शेठ बोलला!" आणि तिनं फोडलेला बर्फ ओंजळीनं त्याच्या पाटीत ओतला.

प्रीतलनं खांद्याची पर्स सावरली. काम झालं होतं. अर्ज लिहावा लागला नव्हता, आई सुटली, भाऊ सुटला, दुपारचं लेक्चर गाठता येणार होतं. ती वळली.

"थांबा!" लुसीची काठी फरशीवर आपटली. "अजून एक ढीग राह्यलाय."

लोक थबकले. काठी सरळ प्रीतलच्या दिशेनं आली आणि तिच्या चपलेला टेकली.

"ही बघा! कालेजात शिकवते! पगार खाते, मांदेली पन खाते, नि जेवून हात धुताना सख्ख्या आयला जेलात घालते! बोला, मास्तरीन बोला! कोन घेतो?"

प्रीतल दर वर्षी फळ्यावर लिहायची : अनौपचारिक नियंत्रणाची साधने. निंदा, कुजबुज, उपहास. उपहास तिसरा, सगळ्यांत खाली, बऱ्याच मुलांचा पेपरात सुटायचा तो. सगळा धक्का तोंड उघडून तिच्याकडे बघत हसत होता. तिचे कान तापले, हातांना काय करायचं ते कळेना, आणि रिक्षा स्टँडपर्यंतचं अंतर एकदम खूप वाढलं.

"हिला काटे लय असतील गं!" बेला म्हणाली.

"बर्फ जास्त घाला!" स्टॅनी म्हणाला. "लगेच तापते!"

"जावयाला इचारा, तो परत घेतो का!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

निघून जाता आलं असतं. कायद्यानं तिला कुणी अडवलं नसतं. प्रीतलनं पर्स खाली ठेवली, पाय फाकवून नीट उभी राहिली आणि हनुवटी वर केली.

"आय," ती म्हणाली, "हाक मोठ्यानं दे. मागच्यांना ऐकू येत नाही."

"मी घेतो!" ग्लेन ओरडला. तो आता सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. "पण वजन करून द्या. हिचं वजन फार सांगतात!"